अज्जूपर्यंत पोचलेलं

आपा, तू गेलीस त्या दिवशी अज्जू रडला नाही.

तुला आंघोळ घालून, कफनात गुंडाळून मधल्या खोलीत ठेवलं होतं. चेहरा तेवढा उघडा. अज्जू तुझ्या उशाशी मांडी घालून बसला होता आणि आत येणाऱ्या प्रत्येक बाईला हात उंचावून सलाम करत होता. हसून. चाळिशी उलटलेला, कानशिलं पांढरी झालेला तुझा लेक, आणि घरी एवढे पाहुणे आले म्हणून खूश. बीडहून आलेली तुझी मावसबहीण डोळे पुसत म्हणाली, "अच्छाच है. इसकू कुछ लगताच नहीं. अल्ला की मेहेरबानी."

मी तुझ्याकडं बघितलं. वाटलं, आता उठशील आणि तिला चांगली फैलावर घेशील. 'लगता नहीं' हे शब्द तुझ्या घरात बोलायची कुणाची छाती नव्हती इतकी वर्षं. तू नुसती पडून होतीस. तू खरंच गेलीस हे मला त्या घटकेला कळलं, त्याआधी नाही.

मग पुरुष आले आणि जनाजा उचलला. तुझ्या दिरानं, रफिकभाईंनी, अज्जूच्या खांद्यावर हात टाकून त्याला बरोबर नेलं. परत आला तेव्हा त्याच्या नखांत कब्रस्तानातली माती होती. हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "खाना?" बायकांनी पुन्हा एकमेकींकडं बघितलं. मी शेजारून आलेली खिचडी त्याला वाढली. मला राग कुणाचा येत होता तेच कळत नव्हतं. त्या बायकांचा, अज्जूचा, की तुझा.

आपली ओळख दवाखान्याच्या बाकड्यावरची. मी लासूर स्टेशनहून सकाळच्या पॅसेंजरनं वर्षाला घेऊन शहरात यायची. माझ्या पोरीच्या काळजाला जन्मतः छिद्र होतं, दर थोड्या महिन्यांनी दाखवावं लागायचं. डाऊन सिंड्रोम हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. लासूरला लोक तिला येडी म्हणायचे, सासूबाई देवाघरचं लेकरू म्हणायच्या, आणि मला दोन्ही सारखंच टोचायचं. त्या दिवशी शेजारी नकाब मागं टाकून बसलेली एक बाई माझ्या पोरीकडं टक लावून बघत होती. मी वर्षाचं तोंड पदरात घेतलं. तर ती म्हणाली, "छुपा मत. मेरा देख."

आणि तू खांबाआडून अज्जूला पुढं ओढलंस. तेच तिरपे डोळे, तेच बसकं नाक, तीच आखूड बोटं. एक गंगापूर तालुक्यातली पोर, एक शहागंजातला पोरगा, आणि दिसायला सख्खी भावंडं. तू मोठ्यानं हसलीस. तुझ्या हसण्यानं मलाही हसू फुटलं, आणि तसं हसून मला किती दिवस झाले होते ते तेव्हा आठवलं.

"जेवलीस का?" तू विचारलंस. तुझं मराठी उर्दू शाळेतल्या मराठीच्या तासाचं, जपून बोललेलं. चिडलीस की ते सुटायचं आणि दखनी सुरू व्हायची. त्या दिवसापासून दवाखाना झाला की तुझ्या घरी जेवण आणि संध्याकाळच्या गाडीनं लासूर, असा आमचा शिरस्ता पडला. तुझे मियाँ ट्रकवर असायचे, घरी क्वचित. वर दोन खोल्यांत तुझं शिवणकाम चालायचं, आणि खाली रफिकभाईंचा कारखाना, रिक्षा आणि स्कूटरची सीटकव्हरं शिवायचा. अज्जू दिवसभर खाली-वर करायचा.

इस्त्रीची गोष्ट मी असतानाची. तू गिऱ्हाइकाचा कुर्ता इस्त्री करत होतीस, दारावर कुणी आलं म्हणून उठलीस, आणि अज्जूनं तापल्या इस्त्रीवर तळवा ठेवला. ओरडला नाही. आधी मला वास आला. मी झेप घेऊन त्याचा हात ओढला तेव्हा तो माझ्याकडं नवल वाटल्यासारखा बघत होता. तू परत आलीस, हात पाण्यात धरलास, आणि मग कुठं त्याचा ओठ थरथरला. रफिकभाई जिन्यात उभे होते. त्यांनी एवढंच बघितलं की पोरगं ओरडलं नाही.

पुढं कधीतरी त्याला आंघोळ घालताना तुला कोपराच्या आतल्या बाजूला लाल ठिपके दिसले. तुला वाटलं मच्छर. मग दंडावर दिसले, मग पोटरीवर. मी आले की तू मला दाखवायचीस. एकदा तू त्याला समोर बसवून विचारलंस, "ये क्या है रे?" तो खुशीत म्हणाला, "सुई-सुई खेलते."

कारखान्यातले कारागीर त्याला दाभण टोचायचे. तो आधी टोचलेल्या जागेकडं बघायचा, मग टोचणाऱ्याकडं, आणि सगळे हसतात म्हणून आपणही हसायचा. तू खाली गेलीस, मी तुझ्या मागं. रफिकभाई रेक्झिन कापत होते. मान वर न करता म्हणाले, "मजाक है भाबी. उसकू लगता थोडीच है? इस्त्री पे हात रखा था, तब लगा क्या?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी तुला गप्प बघितलं, आणि मला भीती वाटली.

त्याच सुमाराला दवाखान्यात एक नव्या मॅडम आल्या होत्या. अंगाला काही लागलं तर त्याची खबर नसांतून मेंदूपर्यंत कशी जाते, किती वेळात जाते, हे त्या आपल्या लेकरांसारख्या मुलांत तपासत होत्या. मनगटावर हलका करंट, डोक्याला तारा. आपल्या दोघींनाही त्यांनी विचारलं. टिचकी मारल्यासारखं वाटतं, बाकी काही नाही, म्हणाल्या. जबरदस्ती नाही, हेही म्हणाल्या.

आपलं पहिलं भांडण त्या दवाखान्याच्या जिन्यात झालं. आठवतंय ना?

"माझ्या पोरीला मी करंट नाय लावू देणार," मी म्हणाले. "आपली लेकरं काय प्रयोगाची उंदरं हायेत व्हय?"

"मेरेकू मालूम करना है."

"काय मालूम करायचंय? त्यांना लागतं हे तुला माहीत नाय?"

"मेरेकू मालूम है," तू म्हणालीस. "कारखानेवालों कू नहीं."

तू अज्जूचं नाव घातलंस, मी वर्षाचं घातलं नाही. आजही मला वाटतं, मी माझ्या जागी बरोबर होते. तिचं काळीज नाजूक होतं, आणि तिला आणखी कुठल्या तारा लावायला माझा जीव धजत नव्हता. तू मला पुन्हा कधी त्यावरून बोलली नाहीस. ते भांडण तसंच जिन्यात राहिलं.

पण तपासणीच्या दिवशी मला तू बरोबर नेलंस. बारकी थंड खोली होती, पडदे ओढलेले. अज्जूच्या डोक्याला चिकट मलम लावून तारा बसवल्या की तो उपटायचा. दोनदा उपटल्या. मॅडम म्हणाल्या, राहू द्या, नंतर बघू. तू पलंगावर बसलीस आणि बाही वर सारलीस. "पहले मेरेकू लगाओ."

तुझ्या मनगटावर त्यांनी ती चिमट्यासारखी वस्तू ठेवली. टक् टक् आवाज सुरू झाला आणि तुझा अंगठा आपोआप उडायला लागला. अज्जू हरखला. "अम्मी का अंगूठा नाचता!" मग मात्र तो मुकाट्यानं आडवा झाला, आपलाही नाचवा म्हणून.

मी त्याचे पाय धरले होते. टक् टक् चालू झालं. त्याचा अंगठा उडत होता आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं, इस्त्रीच्या वेळी होता तसाच कोरा. मॅडम मशीनच्या पडद्याकडं बघत होत्या. एक बारीक हिरवी रेघ थरथरत होती, पण तिच्यात आम्हाला काही कळत नव्हतं. तू विचारलंस, "कुछ आया क्या?" त्यांनी हातानंच थांब म्हटलं. एक-एक टिचकीचं उत्तर बारीक असतं, कितीतरी टिचक्यांची उत्तरं एकावर एक ठेवली की मग दिसतं, असं त्यांनी आधी सांगितलं होतं. पण तिथं उभं राहून ते कुणाच्या लक्षात राहणार? मला एकच दिसत होतं. ही रेघ सपाट राहिली तर खाली दाभण घेऊन बसलेले खरे ठरतील, आणि मग या पोराला कुणापासूनच वाचवता येणार नाही.

आपा, तुला मी हे कधी सांगितलं नाही. त्या खोलीत, त्याचे पाय धरून, मी देवाला म्हणाले, याला दुखू दे. एका लेकरासाठी कुणी असं मागणं मागितलं असेल का?

मग मॅडमनी तुला जवळ बोलावलं. पडद्यावर एक उंच लाट उभी होती. "ही बघा. खबर पोचते. इतर मुलांच्यात दिसते त्यापेक्षा याची लाट मोठी आहे." जरा थांबून म्हणाल्या, "आणखी एक. तीच ती टिचकी बसत राहिली की आपला मेंदू सरावतो, लाट लहान होत जाते. या मुलांत ती तितकी लहान होताना मला दिसत नाही. अजून खात्रीनं नाही सांगत."

"म्हणजे?" मी विचारलं.

उत्तर तूच दिलंस. "म्हणजे इसकू हर सुई पहली सुई है."

मॅडम गडबडल्या. हे दुखण्याचं माप नाही, म्हणाल्या. दुखणं ही मोठी गोष्ट आहे, ते अशा रेघेत मावत नाही. मी एवढंच म्हणू शकते, की चेहऱ्यावर उशिरा दिसतं किंवा दिसत नाही, म्हणून ते पोचलंच नाही असं समजू नका. तू म्हणालीस, हे लिहून द्या, घरी दाखवते. त्या म्हणाल्या, असं लिहून देता येणार नाही, काम अजून चालू आहे. मला त्यांचा राग आला. तुला नाही आला. "नक्को," तू म्हणालीस. "मैं बोलूंगी."

आणि तू बोललीस. शहागंजात उतरून सरळ कारखान्यात. मी दारात, अज्जू माझ्या हाताला. कारागीर चहा पीत होते. तू सीटवर टोचलेलं दाभण उपसलंस आणि रफिकभाईंसमोर धरलंस.

"हात दे."

"भाबी, पागल हो गई क्या?"

"हात दे, रफिक. तेरेकू लगता कि नहीं, मैं बी देखती."

तू खरंच त्यांचं मनगट धरलंस आणि टोक त्यांच्या कातड्यावर टेकवलंस. टोचलं नाहीस, नुसतं टेकवलंस. मला वाटलं आता रक्त येणार, आता या घराचे दोन तुकडे होणार. तू म्हणालीस, "इसके दिमाग तक पहुंचता है. मैं आंखों से देखके आई. तुम सबसे ज्यादा पहुंचता है. ये हंसता है क्योंकि तुम हंसते. अब हंसो."

रफिकभाईंनी हात सोडवून घेतला नाही. मग त्यांनी दुसऱ्या हातानं तुझ्या बोटांतून दाभण काढून घेतलं आणि बाजूला ठेवलं. त्यानंतर अज्जूच्या अंगावर ठिपका उठला नाही. पुढं त्यांनीच त्याला शेजारी बसवून स्पंजच्या पट्ट्यांना गोंद लावायला शिकवलं.

त्या थंडीत वर्षा गेली. छातीत कफ भरला आणि तिचं काळीज पुरं पडलं नाही. शेवटच्या दिवशी ती आवाज न करता माझ्याकडं बघत होती. मी तिच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. लोक म्हणाले, शांत गेली, तिला काही कळलं नाही. चांगल्या मनानं म्हणाले. मला ते शब्द गिळवेनात.

तू पॅसेंजरनं लासूरला आलीस, अज्जूला घेऊन. आमच्या आळीतल्या बायका बघत होत्या, तू त्यांच्यातून वाट काढत माझ्यापाशी बसलीस. मी तुला एकच विचारलं, तिला किती त्रास झाला असेल गं? आवाज नाही केला तिनं. खोटं बोलायचं नव्हतं तुला. मग म्हणालीस, "जितना अज्जू को पहुंचता, उतना वर्षा को बी पहुंचा होगा, सुमन. पण मग तुझा हात बी पोचला. हर बार, पहली बार जैसा."

आपा, मी त्या एका वाक्यावर जगले. मी कधी तसं म्हटलं नाही तुला. कसं म्हणतात असलं?

नंतर ह्यांना वाळूजला कंपनीत नोकरी लागली, आम्ही सिडकोत राहायला आलो. आता रिक्षाच्या अंतरावर तू. किती वर्षं गेली. तुझे मियाँ गेले, माझे गेले. अज्जूच्या शर्टाची मापं वाढत गेली. मग तुला शुगर धरली आणि शुगरनं किडन्या धरल्या, आणि तुला डायलिसिसला नेणं-आणणं माझ्याकडं आलं.

दुसरं भांडण त्या रिक्षातलं. तू थकून डोळे मिटून बसली होतीस. म्हणालीस, "हर नमाज में एकच मांगती. अज्जू मेरे एक दिन पहले जाए."

माझ्या अंगाची आग झाली. "तू हे माझ्यापुढं बोलतेस? लेकरू आधी जाणं काय असतं ते तू माझ्या घरात बसून बघितलंस ना?"

तू डोळे उघडले नाहीस. "तेरी गई, तू छूट गई. मेरा रहेगा. किसके दर पे?"

तू छूट गई. मी क्रांती चौकात रिक्षा थांबवली, रिक्षावाल्याला तुझा पत्ता सांगितला आणि उतरले. दिवाळी गेली, मी आले नाही. ईदला रफिकभाईंच्या स्कूटरवर मागं बसून अज्जू आला, शीरखुर्म्याचा डबा पोटाशी घट्ट धरून. अर्धा त्याच्या शर्टावर सांडला होता. पुढच्या डायलिसिसला मी तुझ्या दारात रिक्षा घेऊन उभी होते. तू बसलीस, माझ्या मांडीवर हात ठेवलास. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. तू 'अज्जूला बघशील का' असं विचारलं नाहीस, मी 'बघीन' म्हणाले नाही. मला वाटायचं, हिला गरज वाटली तर विचारील. तुला वाटत असेल, मी असं बोलून बसले, आता कोणत्या तोंडानं विचारू. आणि दोघींना माहीत होतं की मीही सत्तरीला टेकलेय.

तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझ्या खोलीत माणसं बसली. बीडचे पाहुणे म्हणाले, पुण्याकडं अशा लोकांसाठी वसतिगृह आहे, चौकशी करतो. कुणी मान हलवली, कुणी सुस्कारा टाकला. अज्जू दारात उभा राहून सगळ्यांच्या चपला ओळीनं लावत होता. त्या घरात मी कोण? शेजारीण नाही, नातलग नाही.

रफिकभाईंच्या हातात तस्बीची माळ फिरत होती. मग म्हणाले, "भाबी ने मेरे हाथ पे सुई धरी थी. तब से ये मेरे बाजू में बैठता है. अब उठाके कहां भेजूं? मैं है तब तक यहींच रहेगा."

"आणि तुमच्यानंतर?" मी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं. सगळे माझ्याकडं वळले.

ते म्हणाले, "वो सवाल का जवाब मेरे पास नहीं, बहन. आपके पास है?"

मी म्हणाले, बुधवार आणि शनिवार मी येत जाईन. एवढंच होतं माझ्यापाशी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दिलं असं समजू नकोस, आपा. आम्ही तो थोडा पुढं ढकललाय.

आणि काल दुपारी रफिकभाईंचा फोन आला. आवाज फाटलेला. "बहन, आप आओ. अज्जू रो रहा है."

मी गेले. झालं होतं असं, की स्पंज कापताना पत्र्याच्या पेटीचं झाकण त्याच्या बोटांवर पडलं. त्यानं बोटांकडं बघितलं. थोड्या वेळानं उठला, जिन्यापाशी गेला आणि बोट वर धरून हाक मारली, "अम्मी." कुणी आलं नाही. पुन्हा मारली. कारखान्यातली मशीनं थांबली म्हणे. तिसऱ्या हाकेला त्याचा ओठ थरथरला, आणि मग जे सुरू झालं ते मी पोचले तेव्हाही चालू होतं. जिन्याच्या पायरीवर बसून, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखा. रफिकभाई खालच्या पायरीवर बसून त्याच्या सुजलेल्या बोटावर फुंकर घालत होते आणि त्यांची दाढी भिजली होती. जिना उतरणाऱ्या बायकांपैकी एकीनंही 'इसकू लगता नहीं' म्हटलं नाही.

मी त्याला धरून बसले. तो थकेपर्यंत बसले. आणि माझंही रडं तेव्हाच बाहेर आलं, तुझ्या मयतीला न आलेलं.

उन्हं कलली तसा तो शांत झाला. माझ्या पदराला नाक पुसलं आणि माझं तोंड नीट न्याहाळलं. "वर्षा की अम्मी," तो म्हणाला, "तू बी जाती क्या?"

"आज जाते," मी म्हणाले. "बुधवारी येते."

"बुधवारी," तो म्हणाला. बोटावर मोजायला गेला, बोट दुखलं, दुसऱ्या हातावर मोजलं.

आपा, सिडकोत मी काकू आहे. लासूरला आता मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. माझ्या पोरीचं नाव माझ्या नावाला लावून हाक मारणारा या जगात हा एकटा आहे. तुझी दुआ कबूल झाली असती तर तोही नसता. तुझ्यासाठी मी रडते, आणि ती दुआ कबूल झाली नाही म्हणून वरच्यापुढं हात जोडते. तुला राग आला तर येऊ दे.